भरावाच्या माथ्यावरची अंडी

वरून पत्रक आलं की खाली शाळेत मुलं हलतात, हा नियम आहे. खडकमळ्याच्या शाळेत तो इमानेइतबारे पाळला जायचा. शाळा दोन खोल्यांची, मुलं सतरा, शिक्षक दोन. एक मुख्याध्यापक बिभीषण सर आणि दुसऱ्या जया मॅडम. जया पहिली-दुसरीच्या नऊ मुलांना शिकवायची आणि उरलेल्या वेळात ॲपवर माहिती भरायची. खरं तर माहिती भरायची आणि उरलेल्या वेळात शिकवायची. पण तसं कुठे लिहून देता येत नाही.

जूनच्या शेवटी आलेल्या पत्रकाचं नाव होतं 'जलपरिसर निसर्ग शोध उपक्रम'. लहान मुलांना जवळच्या तलावावर न्यावं, पक्षी, किडे, बेडूक दाखवावेत, त्यांना प्रश्न विचारू द्यावेत. इथवर कुणी नाव ठेवावं असं काही नव्हतं. गोम दुसऱ्या पानावर होती. पाच फोटो चढवायचे, त्यांतल्या तिनांत मुलांच्या चेहऱ्यावर 'कुतूहल स्पष्ट दिसले पाहिजे'. मात्र मुलांनी पाण्यात उतरू नये आणि चिखलाला हात लावू नये. लिहिणाऱ्याने उंटावर बसून शेळ्या हाकल्या होत्या. खऱ्या शेळ्या रोज संध्याकाळी त्याच तलावावर पाणी प्यायला जायच्या आणि त्यांना हाकायला हीच मुलं असायची.

तलाव म्हणजे गावाच्या वरच्या अंगाचा पाझर तलाव. पारनेर तालुक्यात पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेताच जातो, त्यामुळे तलावाच्या पोटात तेव्हा गुडघाभर पाण्याचं डबकं होतं आणि भोवती भेगाळलेला गाळ. बिभीषण सर नवे बूट घालून आले होते, म्हणून ते तलावाच्या मातीच्या भरावावरच छत्री धरून उभे राहिले आणि तिथूनच ओरडू लागले.

"कुतूहल आणा रे चेहऱ्यावर! कुतूहल!"

आता रोज जिथे म्हशी धुतो तिथे कुतूहल आणायचं कुठून? मुलं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी पार्थने नुसताच आ वासला. दुसरीतला हा मुलगा दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आला होता, त्याला सवय होती. त्याचं बघून बाकीच्यांनीही आ वासले. फोटो झकास आले. पाच फोटो झाल्याबरोबर सरांचा निसर्ग संपला आणि ते शाळेकडे वळले.

जयाला वाटलं, आलोच आहोत तर जरा खाली उतरू. ती मुलांना घेऊन पलीकडच्या बाभळीच्या अंगाने निघाली. डोक्यावर एक टिटवी कलकलत घिरट्या घालत होती. जया वर बघत चालली होती आणि तेवढ्यात पहिलीतल्या सुकन्याने तिची साडी मागून गच्च धरली.

"मॅडम, पाय टाकू नका!"

जयाचा पाय अधांतरी राहिला. त्या पायाखाली खडे होते. नीट पाहिल्यावर त्यांतले चार खडे जरा जास्तच गोल निघाले. मातकट, वर काळे ठिपके. घरटं वगैरे काही नाही. नुसती खड्यांची कड आणि मधे अंडी. बारा वर्षं परिसर अभ्यास शिकवून जयाला ती दिसली नव्हती, आणि सुकन्याला लिहिता येत होतं फक्त स्वतःचं नाव, तेही 'सू' दीर्घ काढून.

"ह्यास्नी कुनी न्हेनार तर न्हाई ना?" सुकन्याने विचारलं.

"कुणी हात लावणार नाही. माझा शब्द," जया म्हणाली.

शब्द द्यायला तिचं काय जात होतं? टिटवीची अंडी कोण कशाला नेईल, असं तिला वाटलं. ती भिंगारहून रोज स्कूटीने येणारी, गावाची तिला ओळख होती ती हजेरीपटापुरती. गावात कशाला कधी किंमत येईल ते सांगता येत नाही.

त्यानंतर रोज खिचडी खाऊन झाली की नऊ मुलं आणि मॅडम तलावावर. जवळ जायचं नाही, एका खडकाआड बसून बघायचं, हा मुलांनीच केलेला नियम. एका वहीत चित्रं काढायची. बाभळीपासून अंड्यांपर्यंत सुकन्याची एकवीस पावलं, ही नोंद पार्थच्या अक्षरात. टिटवी दुपारी डबक्यात जाऊन पोट भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते, हे मुलांनी पाहिलं. जया चाळिशीजवळ आली होती, तरी तिने कधी पाहिलं नव्हतं. आणखी एक गोष्ट सुकन्याच्या लक्षात आली. कुणी माणूस आला की टिटवी गुपचूप उठायची, वाकून पळत लांब जायची, आणि तिथून आकाश डोक्यावर घ्यायची.

"अंडी हितं, आन वरडती तितं. लई लबाड हाय," सुकन्या म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, कौतुकच होतं.

जया त्या दिवसांत खूश असायची. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा ती मुलांबरोबर काहीतरी शिकत होती आणि ते कुठल्याही रकान्यात भरायचं नव्हतं. पण सुख असं फार दिवस मोकळं सोडत नाही कुणी.

झालं असं, की सुकन्याने घरी आजोबांना सांगितलं. आजोबा, म्हणजे गोरक्षनाथ म्हातारा, पारावरचा हवामान खात्याचा माणूस. त्याने तोंडातली तंबाखू थुंकली आणि निकाल दिला, "टिटवीनं अंडी तळाशी घातली? मग यंदा पानी न्हाई. तिला म्हाईत असतंय, पानी कुठवर येनार ते." हे तिथे सगळेच मानतात. टिटवीने अंडी उंचावर घातली तर पाऊस दांडगा, सखल जागी घातली तर दुष्काळ. दोन दिवसांत ही बातमी पाच वाड्यांवर गेली आणि कांद्याचं रोप टाकावं की नाही यावर वाद सुरू झाले.

यात कुणाची अडचण झाली असेल तर कल्याणभाऊंची. कल्याणभाऊ जिल्हा परिषदेला उभे राहणार होते. रिवाज असा, की तलाव भरला की पुढाऱ्याने यायचं, नारळ फोडायचा, पाण्याला साडी-चोळी वाहायची आणि पाऊस आपल्यामुळे पडला अशा चेहऱ्याने भाषण करायचं. याला जलपूजन म्हणतात. पण तलाव भरेपर्यंत थांबावं तर आचारसंहिता लागणार. म्हणून भाऊंनी डबक्याचंच जलपूजन ठरवलं होतं. फलक लागले होते, 'भाऊंच्या पायगुणाने जलसमृद्धी'. आणि इकडे एक टिटवी खाली बसून विरोधी प्रचार करत होती.

भाऊंचा उजवा हात म्हणजे गहिनीनाथ. तो शाळा समितीचा अध्यक्षही होता, म्हणून शाळेत यायला त्याला वेगळं कारण लागत नसे. अंडी शोधायला तो आधी स्वतः तलावावर दोनदा जाऊन आला होता. दोन्ही वेळा टिटवीने त्याला कलकलाट करत पार उलट्या टोकाला, जादा पाणी बाहेर जातं त्या सांडव्यापर्यंत, नेऊन सोडलं होतं आणि खडकाआडून हे बघताना मुलं तोंडात मूठ घालून हसली होती. जलपूजनाच्या आदल्या दिवशी तो वर्गात आला आणि खुर्ची ओढून बसला.

"मॅडम, ती अंडी कुठंशी हायेत?"

"का हो?"

"वर ठिवायचीत. भरावाच्या माथ्यावर. भाऊ त्यांची पूजा करनार, म्हंजी लोकांचा गैरसमज बी निघून जाईल."

जयाला आधी वाटलं, हा चेष्टा करतोय. पण गहिनीनाथचा चेहरा सरळ होता. पावसाचा अंदाज चुकीचा आला, तर अंदाज उचलून वर ठेवायचा! पाऊस बापडा मागून येईलच की.

"अहो, हलवली तर पक्षी सोडून देतो अंडी. मरतील ती."

"चार अंड्यांनी काय हुतंय? कोंबडीची रोज खातोच की आपन." मग त्याने खुर्ची पुढे घेतली आणि आवाज मऊ केला. "आसं बगा मॅडम, तुमची शाळा सतरा पटाची. वर बंद करायच्या शाळांची यादी निघाली तर पयलं नाव हेच. भाऊंचा एक फोन आडवा हाय म्हनून चाललंय. तुमी काय अवघड बोलू नका."

बिभीषण सर दारात उभे होते. त्यांनी जयाकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. "अध्यक्ष म्हणतात तर..." एवढं बोलून ते पोषण आहाराचा तांदूळ बघायला गेले. तांदूळ सकाळीच बघून झाला होता.

जया घाबरली. उगाच शूरपणाचा आव आणण्यात अर्थ नाही, ती चांगलीच घाबरली. तिने मागे वळून पाहिलं तर नऊ तोंडं तिच्याकडे लागलेली. सुकन्या बाकाची कड नखाने खरवडत होती.

"तुम्ही नका हात लावू," जया गहिनीनाथला म्हणाली. "टिटवी चोच मारते डोळ्यावर. मीच सकाळी आणून ठेवते माथ्यावर."

गहिनीनाथ खूश होऊन गेला. तो फाटकाबाहेर पडायच्या आत सुकन्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तुमी शब्द दिल्ता," ती म्हणाली.

"दिला होता. चला, आता कार्यानुभवाचा तास," जया म्हणाली. "ओढ्यातून गोल दगड आणा. चार आणा, अंड्याएवढे. आणि रंगपेट्या काढा."

पार्थला सगळ्यांत आधी कळलं. त्याने परत आ वासला, पण यावेळचं कुतूहल अस्सल होतं. तासाभरात चार दगड मातकट झाले, वर काळे ठिपके बसले. एकावर कुणीतरी सवयीने फूल काढलं होतं, ते पुसायला लागलं. सकाळी जयाने ते भरावाच्या माथ्यावर खड्यांच्या कडीत मांडले आणि ती घामाने निथळत मंडपाच्या मागे जाऊन उभी राहिली.

जलपूजन दणक्यात झालं. उथळ पाण्याला खळखळाट फार, तो दोन कर्ण्यांतून चार गावांना ऐकू जात होता. भाऊंनी पाण्याला साडी सोडली. ती वाहून जायला पाणी नव्हतं, म्हणून काठावरच बसली, आणि एका कार्यकर्त्याने ती काठीने ढकलून ढकलून पाण्यात घातली. मुलांना भाताच्या पोत्यांसारखं एका रांगेत बसवलं होतं. मग सगळा लवाजमा माथ्यावरच्या अंड्यांकडे आला. पत्रकार आले, मोबाईल वर झाले.

"बघा!" भाऊ माईकवर गरजले. "निसर्गाचा कौल बघा! कुनी म्हनत हुतं टिटवीनं अंडी खाली घातली. आहो, आमच्या टिटवीनं तर माथ्यावर घातली! भराव वाहील एवढा पाऊस येनार!"

भराव वाहिला तर खाली आपलं गाव आहे, हे टाळ्या वाजवताना कुणाच्या ध्यानात आलं नाही. भाऊंनी नारळ फोडला आणि त्याचं पाणी भक्तिभावाने अंड्यांवर शिंपडलं. शाळेचे रंग साध्या पाण्याला टिकत नाहीत, ते नारळाच्या पाण्याला काय टिकणार? ठिपके ओघळायला लागले. तेवढ्यात एक पत्रकार म्हणाला, "भाऊ, एक हातात घ्या ना." भाऊंनी घेतलं.

हात खाली गेला. भाऊंनी अंड्याकडे पाहिलं, मग काळ्या झालेल्या बोटांकडे. पण भाऊ काय कच्च्या गुरूचे चेले नव्हते. पापणीही न हलवता त्यांनी दगड उंच धरला.

"केवढं वजन! अंडंच एवढं दमदार, तर पाऊस किती दमदार असंल!"

परत टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या आवाजात भाऊ हसत हसत जयाजवळ आले. तोंड फोटोसाठी हसत होतं, आवाज वेगळाच होता. "मॅडम, खरी कुठायत? पत्रकारांना जवळून फोटू पायजे. दोन मिनटात आनून ठिवा. गहिनी, जा ह्यांच्याबरूबर. का शाळा नकोय तुमाला?"

जयाने तोंड उघडलं. 'बाभळीपाशी' हा शब्द तिच्या जिभेवर आलेला होता. अगदी टोकावर. हे तिने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही, पण ती तो बोलणार होती. सतरा मुलांची शाळा, स्वतःची नोकरी, भिंगारच्या घराचा हप्ता, सगळं त्या एका शब्दाच्या बदल्यात वाचत होतं. चारच अंडी तर होती.

तेवढ्यात रांगेतून सुकन्या उठली. कुणाला काही न विचारता ती बाभळीच्या बरोबर उलट्या दिशेला, सांडव्याकडे, पळत सुटली आणि तिथल्या गाळाच्या कडेला उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडायला लागली.

"हितं! हितं हायेत अंडी! हितं!"

एका क्षणात पार्थ उठला. मग बाकीचे सात. नऊच्या नऊ मुलं सांडव्यापाशी नाचत, हात हलवत, जीव तोडून ओरडत होती, "हितं! हितं!" आणि वर खरी टिटवी, तिलाही काय वाटलं कोण जाणे, त्यांच्याच डोक्यावर येऊन कलकलायला लागली. पलीकडे बाभळीखाली तिची जोडीदारीण अंड्यांवर गप्प बसलेली होती. तिकडे कुणी मान वळवूनही पाहिलं नाही.

"सापडली!" गहिनीनाथ ओरडला आणि पांढऱ्या विजारीनिशी धावला. मुलं जिथे बोट दाखवत होती तिथे वरून गाळ वाळलेला दिसतो आणि आतून लोणी असतो. शेळ्या हाकणारं पोरगं तिथे पाय टाकत नाही. गहिनीनाथने टाकला. पहिला पाय गुडघ्यापर्यंत गेला, तो काढायला दुसरा टाकला, तो मांडीपर्यंत. मग तो हलेना. दोघे काढायला गेले, त्यांच्या चपला आत राहिल्या. शेवटी मंडपाचा दोर सोडून त्याला ओढून काढला, आणि दोर सुटल्यामुळे अर्धा मंडप सत्काराच्या टेबलावर बसला. एवढं ताजं दृश्य मिळाल्यावर अंड्यांचा फोटो कुणाला पाहिजे होता? सगळे मोबाईल सांडव्याकडे फिरले.

भाऊंनी दोन क्षण विचार केला आणि माईक ओढला. "कार्यकर्ता आसावा तर आसा! तलावाच्या गाळासाठी सोता गाळात उतरनारा!" ती चित्रफीत जिल्हाभर फिरली. 'गाळमुक्त तलावासाठी झटणारे हात' असा मथळा होता. त्यामुळे भाऊंचा राग गाडीत बसेपर्यंतच टिकला आणि शाळेविरुद्ध वर फोनच गेला नाही. उलट आठवड्याने एक ढाल आली, 'निसर्गस्नेही शाळा'. ती बिभीषण सरांनी स्वतःच्या टेबलावर ठेवली. भरावावर उभं राहून छत्री धरल्याचं काहीतरी चीज झालंच पाहिजे. समुद्र आटवायला निघालेली टिटवी गोष्टीत असते. खडकमळ्याच्या टिटवीने एक मंडप पाडला, तेवढं पुष्कळ झालं.

पुढच्या गुरुवारी अंडी फुटली. चारांतून तीन पिल्लं निघाली, ओली, काडीएवढ्या पायांची, आणि दुपारपर्यंत आईमागे चालत गवतात दिसेनाशी झाली. चौथं अंडं तसंच राहिलं. मुलं त्याच्यासाठी अजून दोन दिवस थांबली, मग त्यांनी थांबणं सोडलं. जया खडकाआड बसून रडली. मुलांना वाटलं चौथ्या अंड्यासाठी. ती रडत होती जिभेवर आलेल्या त्या शब्दासाठी.

ऑगस्टमध्ये खरंच पाऊस झाला आणि तलाव भरला. अंड्यांची जागा पुरुषभर पाण्याखाली गेली. गोरक्षनाथ म्हाताऱ्याने पारावर मांडी ठोकली, "म्या म्हनलं नव्हतं? टिटवीनं माथ्यावर घातल्ती!" त्याला कुणी आडवं बोललं नाही. माथ्यावरच्या चार दगडांना गहिनीनाथने तारेचं कुंपण घातलं होतं आणि लोक येता-जाता वाकून बघत होते, पिल्लं कधी निघतात म्हणून.

उपक्रमाचा अहवाल मात्र राहिला होता. ॲपवर शेवटचा प्रश्न होता, 'या उपक्रमातून मुले काय शिकली?' बिभीषण सर मोबाईल घेऊन वर्गात आले.

"मॅडम, तीनच पर्याय आहेत. पाण्याचे महत्त्व, स्वच्छतेचे महत्त्व, पुढाऱ्यांचे... नाही, पूर्वजांचे योगदान. कुठला दाबू?"

"मुलांनाच विचारा की," जया म्हणाली.

सर कौतुकाने सुकन्याकडे वाकले. "काय गं, काय शिकलीस तू तलावावर?"

"अंडी आसतील तितं वरडायचं न्हाई," सुकन्या म्हणाली. "लांब जाऊन वरडायचं. भाऊ वरडत हुते तितं बी अंडी नव्हतीच की."

सर सरळ झाले. मग त्यांनी 'पाण्याचे महत्त्व' दाबलं.

जयाने वही उघडली, पार्थच्या एकवीस पावलांच्या नोंदीखाली सुकन्याचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, आणि वही कपाटात अगदी तळाशी ठेवली.